कुकाच्या चुयला हाक

"चू-ई," अरासेली म्हणाली.

"नाही गं बाई. दोन तुकडे नको करूस त्याचे. एकच आहे तो. चुय."

"चूई."

तेंचाने कपाळाला हात लावला. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचे तामाल उकडत होते, त्यांची वाफ खिडकीच्या काचेवर जमली होती, आणि टेबलावर दोघींच्या मधोमध शालीत गुंडाळलेली निळी पेटी होती. पेटीत चुय होता. म्हणजे त्याची राख होती. खुद्द चुय अजून आला नव्हता, आणि त्याला आणायचा कसा हीच सकाळपासूनची पंचाईत होती.

"अशी हाक मारलीस ना पोरी, तर तुझा बाप आल्या पावली परत जाईल," दाराशी खुर्ची टाकून बसलेला गोयो म्हणाला. गोयो देवळातली घंटा वाजवायचा आणि गावातल्या प्रत्येक मयताची व्यवस्था बघायचा. "म्हणेल, हा कोण अमेरिकन मला बोलावतोय? मुकादम तर नाही? आणि छपरं घालायला चढेल पुन्हा."

अरासेली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. चाळिशीच्या घरातली बाई, शिकागोत शाळेत शिकवणारी, पण या स्वयंपाकघरात काल रात्रीपासून ती परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी दिसत होती. "कामावर सगळे त्यांना असंच म्हणायचे," ती तिच्या जपून जुळवलेल्या वाक्यांत म्हणाली. "चू-ई. मी तेच ऐकत मोठी झाले."

"आणि तुझी आई?"

"आई हेसूस म्हणायची. चिडली की आडनावासकट."

"मग बरंच आडनाव ऐकलं असेल त्याने," गोयो म्हणाला.

त्यांच्या ला बारांका गावात परगावी मेलेल्या माणसाची राख आली म्हणून माणूस आला असं कुणी मानत नाही. त्याची सावली मागे वाटेवर रेंगाळते. जिथून गाव पहिल्यांदा दिसतं त्या खिंडीत उभं राहून रक्ताच्या माणसाने त्याला हाक मारावी लागते. ती कागदावरच्या नावाने चालत नाही. लहानपणी जेवायला बोलावताना घरचे जशी मारायचे, त्याच नावाने आणि त्याच सुरात मारावी लागते. हे बघावं लागू नये म्हणून पाद्रीबाबा या वेळी मुद्दाम मागे राहून बुटाची नाडी बांधत बसतात. वाट्टेल तशी हाक मारून चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावातल्या सोसताबाईच्या नवऱ्याला त्याच्या पुतण्याने भलत्याच सुरात बोलावलं होतं, तर पुढे वर्षभर खिंडीत गाढवं बुजत होती, असं गोयो शपथेवर सांगतो.

चुयला घरी बोलावणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्याची आई, दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई, कधीच गेली. भाऊबहीण नव्हते. कुकाची हाक जशीच्या तशी ठाऊक असलेली एकच बाई गावात होती, ती तेंचा. आणि तेंचाच्या गळ्याचं तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. आता तिच्या तोंडून आवाज येई तो चाळणीतून पीठ पडावं तसा, कुजबुजता. सांगता सगळं येत होतं, करून दाखवता काहीच येत नव्हतं.

"खालून उचल," ती म्हणाली. "मग सरळ ने, लांब, घाई न करता. आणि शेवटी वर सोडायचं. विचारल्यासारखं. येतोस ना, असं."

"चुऽऽय."

"हे तर रागावणं झालं. कुका रागवायची नाही कधी."

"चुऽऽऽय!"

"ही बेकरीवाल्याच्या चुयची हाक," गोयो म्हणाला. "तो धावत येईल आता, पाव घेऊन."

गावात चुय पैशाला पासरी होते. हेसूस नाव ठेवायचं आणि चुय म्हणायचं, त्यात कुणाला विचार करावा लागत नव्हता. गावात एकच टेलिफोन होता तेव्हा तो तेंचाच्या मावशीच्या दुकानात होता, आणि दुकानाच्या छपरावर कर्णा होता. कुणाचा फोन आला की कर्ण्यावरून नाव पुकारायचं, मग तो माणूस शेतातून, गिरणीतून, ओढ्यावरून धावत यायचा. मावशीने पहिल्याच आठवड्यात नुसतं "चुय, फोन!" असं पुकारलं. गावातले सगळे चुय धापा टाकत दुकानात हजर झाले, फोन कुणाचा यावरून त्यांची जुंपली, आणि तेवढ्यात फोन कट झाला. त्या दिवसापासून मावशीने कर्ण्याला हात लावला नाही. ते काम सतरा वर्षांच्या तेंचाकडे आलं.

तेंचाने त्यावर साधा उपाय काढला. ज्याची आई जशी हाक मारते, तशीच आपण मारायची. बेकरीवाल्याचा चुय म्हणजे दोन झटके. गिरणीवरच्या चुयच्या आईला बाराही महिने सर्दी, तर त्याला नाकातून बोलवायचं. गाव पोट धरून हसलं. गिरणीवाली भांडायला आली, पण दुसऱ्या दिवशी तिच्याच पोराचा फोन आला तेव्हा दारात उभी राहून कौतुकाने ऐकत होती. पुढे पुढे तर लोक नाव ऐकायचेच नाहीत, सूर ऐकायचे. आपला नसला की पुन्हा कुदळ उचलायचे.

कुकाचा सूर तेंचाला सगळ्यात आवडायचा. त्याला कारणही होतं. कुकाचा चुय फोन नसला तरी दुकानात यायचा, मक्याच्या पोत्यावर बसायचा आणि मावशी झोपली की तेंचाशी गप्पा मारायचा. गावाने दोघांचं लग्न बोलता बोलता लावून टाकलं होतं, फक्त तारीख ठरायची राहिली होती.

मग एका सकाळी शिकागोहून त्याच्या मामाचा फोन आला. तेंचाने कर्णा चालू केला आणि कुकाच्या सुरात हाक मारली. चुय पायाच्या चिखलासकट आला. बोलून झाल्यावर त्याने फोन हळूच ठेवला.

"मामा म्हणतो, छपरं घालायचं काम आहे. दोन वर्षं."

"मग?"

"तू काय म्हणतेस?"

"जा," तेंचा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्याच्या घराला तेव्हा धड छप्पर नव्हतं.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. तेंचा कुकाला पुकारायची, आणि कुका चढण चढून येईपर्यंतचा वेळ त्या दोघांचा असायचा. दोन वर्षांची तीन झाली, चार झाली. एका रविवारी तो म्हणाला, "तेंचा, मी लग्न केलं." तेंचा म्हणाली, "सुखी राहा. थांब, तुझी आई आली." कुका अजून गिरणीपाशीसुद्धा पोचली नव्हती. तेंचाने फोन काउंटरवर उताणा ठेवला आणि साखरेची पोती नसती उचकापाचक करत राहिली.

पुढे तिने लग्न केलं. नवरा बस चालवायचा, भला माणूस होता, तो गेला. मुलगेही उत्तरेला, अमेरिकेत गेले. घरोघरी मोबाइल आले आणि कर्ण्यात चिमण्यांनी घरटं केलं. या सगळ्यात रडगाणं गाण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. पण कुकाची ती हाक तिने मनात जपून ठेवली होती. धुणं वाळत घालताना, एकटी असली की ती हळूच म्हणायची. कुका गेल्यावर तिला वाटायचं, ही हाक आता जगात फक्त आपल्यापाशी आहे. त्याचं तिला बरंही वाटायचं आणि ओझंही.

"चुऽय," अरासेली म्हणाली आणि तिने डोकं हातात धरलं. "मला नाही जमत, दोन्या तेंचा. मी त्यांना इथवर आणलं आणि दारातच सोडून जाणार. तुम्हीच मारा ना हाक. कुजबुजत का होईना."

हे तिच्याही मनात येऊन गेलं नव्हतं असं नाही.

"रक्ताचं माणूस लागतं," ती म्हणाली. "मी कोण?"

गोयोने तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तो टोपी डोक्यावर चढवून घंटा वाजवायला निघून गेला.

आता तासाभरात लोक जमायचे होते. तेंचा तामाल काढायला उठली. तिला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. एवढा लांबून आलेला चुय खिंडीपलीकडे उभा आहे, गावाकडे बघतोय, आणि त्याला कुणी आत घेत नाहीये. पोरीला आणखी रडवायला नको म्हणून तिने बोलायला काहीतरी काढलं.

"तुला काय म्हणायचा गं तो? अरासेली, असं अख्खं?"

"छे. चेली."

"जेवायला बोलवायचा?"

"रोज. आई कामावरून उशिरा यायची, तेच स्वयंपाक करायचे. आम्ही इमारतीमागे गाड्या उभ्या करतात तिथे खेळायचो. ते मागच्या जिन्यात यायचे, हातात उलथनं तसंच. सगळ्या पोरांना पाठ झालं होतं, मला चिडवायची."

"कसं?"

अरासेली उठली. मागच्या दारात जाऊन उभी राहिली, एक हात चौकटीवर टेकवून, आणि तिने बाहेरच्या अंगणात हाक मारली.

"चेऽऽऽली?"

तेंचाच्या हातातला चिमटा पातेल्यात पडला.

खालून उचललेली. सरळ, लांब, कसलीच घाई नसलेली. आणि शेवटी वर सोडलेली, येतेस ना, अशी. अंगणात कुका उभी असती तर तिने मागे वळून पाहिलं असतं.

तेंचा स्टुलावर बसली. तिला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि त्या आनंदाच्या आत कुठेतरी चांगलाच चिमटाही बसला, तो तिने स्वतःपासून लपवला नाही. इतकी वर्षं आपण एकटीने राखली म्हणत होतो ती हाक तिकडे बर्फात रोज संध्याकाळी एका पोरीला जेवायला बोलावत होती. चुय ती बरोबर घेऊन गेला होता. आणि ती तेंचाच्या पोरीसाठी नव्हती.

"काय झालं? चुकलं का?" अरासेलीने विचारलं.

"नाही गं माझे बाई. आता फक्त नाव बदल."

"एवढंच?"

"एवढंच."

अरासेलीने पुन्हा अंगणाकडे तोंड केलं, ओठ हलवले, पण आवाज काढला नाही. मग वळून म्हणाली, "तुम्ही पप्पांना चांगलं ओळखत होतात?"

"मी फोनवर होते," तेंचा म्हणाली. "सगळ्यांनाच ओळखायचे. चल, केस विंचर. लोक जमतील."

खिंडीत वारा होता. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली, बायांनी मेणबत्त्या हाताच्या आडोशाला धरल्या आणि पाद्रीबाबा नाडी बांधायला मागे राहिले. अरासेली पेटी छातीशी धरून गावाकडे पाठ करून उभी राहिली. समोर उत्तरेचा रस्ता वळणं घेत खाली उतरत होता. पहिल्या वेळी नुसताच हुंदका आला. तिने श्वास घेतला.

"चुऽऽऽय?"

लोकांत चुळबुळ झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी माना वर केल्या. बेकरीवाल्याचा चुय जागचा हलला नाही, गिरणीवरचाही नाही. ही हाक आपली नाही हे त्यांना अजून कळत होतं. ते इतरांसारखेच वळणाकडे बघत राहिले, कुकाचं पोर कुठवर आलंय ते पाहायला. गोयोने डोक्यावरची टोपी काढली.

तिने आणखी दोनदा हाक मारली; तिसऱ्या हाकेनंतर कुणी मागे बघायचं नसतं. सगळे वळले, बँड सुरू झाला आणि माणसं गावाकडे उतरायला लागली. अरासेली पुढे होती. ती आता सरळ चालत होती. तेंचा तिथेच थांबली.

"चल की तेंचा," गोयो म्हणाला.

"तू हो पुढे." बँडच्या आवाजात तिचं बोलणं ऐकायला त्याला वाकावं लागलं. "त्याला जाऊ दे आधी."

तिने शाल अंगाशी आवळून घेतली आणि कडेच्या दगडाला टेकून उभी राहिली, एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी ठेवून.