दादांनी सुचवलेलं नाव

"दादा, बस की जरा! सकाळपासून नुसत्या येरझारा चालल्यात तुझ्या," धाकटी बहीण म्हणाली.

दादा बसले आणि लगेच उठले. ते घड्याळं दुरुस्त करत, पण पक्षात त्यांची ओळख 'सूचक' अशीच. पक्ष एवढासा, एका सभागृहात मावणारा. अध्यक्ष निवडायच्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावरून फोन येई, दादा साहेबांचंच नाव सुचवत, हात वर होत, निवड एकमताने. लोक जेवायला मोकळे.

यंदा फोन नव्हता. तरुण मंडळींनी भांडून नियम बदलून घेतला होता. नाव कुणाचंही, मतदान गुप्त. मात्र सूचक जुना सभासद हवा आणि एकाने एकच नाव सुचवायचं.

"कुठे म्हणे खासदारच मिळून नेता ठरवतात," शेजारचा शिंपी म्हणाला. तोही पक्षाचा जुना सभासद. "कुठे सभासद टपालाने मत देतात. एका देशात तर पक्षात नसलेलेही रांग लावतात!"

"आणि आपल्याकडे दादाला फोन येतो," बहीण हसली.

ती नर्स होती आणि साहेबांविरुद्ध उभी राहणार होती. बाकीचे जुने सभासद साहेबांच्या मेहेरबानीतले, त्यामुळे तिला सूचक मिळेना. शेवटी दादांनी शब्द दिला होता. तिचं नाव आरशासमोर घोकूनही झालं होतं.

"अध्यक्षपदासाठी नावं सुचवा," संध्याकाळी सभागृहात सचिव म्हणाले.

दादा उभे राहिले. समोर मंचावर साहेब बसलेले.

"आपल्या सर्वांच्या वतीने मी," दादांनी सुरुवात केली आणि पुढचं इतक्या वर्षांच्या सवयीने आपसूक बाहेर पडलं, "आदरणीय साहेबांचं नाव सुचवतो."

टाळ्या पडल्या.

"अहो, चुकलं माझं! मला हिचं..."

"एकाने एकच नाव, दादा. नियम आहे," सचिव म्हणाले. "आणखी कुणी?"

शिंपी खाली बघत राहिला. कुणीच उठलं नाही.

"मग मतदान कशाला? हात वर करा, झालं."

एकामागून एक हात वर गेले. बहीण पर्स उचलून दाराकडे निघाली होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, तुमचा हात?"

"खालीच राहू दे."

"अहो, नाव तुम्हीच सुचवलंत ना? मग एकमताने कसं लिहू?"

"नका लिहू," दादा म्हणाले. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.