आरतीआधी उतरलेले बुवा

रमणबुवांचा एक नेम होता. कीर्तनाला उभं राहिलं की आरती होईपर्यंत गादी सोडायची नाही. नारदाची गादी म्हणजे काय ओटीवरची घोंगडी आहे, मनात आलं की उठून चालू पडायला? एकदा गुहागरकडे भर उत्तररंगात मंडपाचा खांब कलला. माणसं पळाली. बुवा मात्र उरलेल्या चार म्हाताऱ्यांपुढे आरती करूनच खाली आले.

असे हे बुवा दिवाळीनंतर मस्कतला मुलाकडे आले होते. मुलगा अजिंक्य, सून शीला, अल् घुब्रा भागातला भाड्याचा फ्लॅट. खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडची हाफिजा आणि तिची सात वर्षांची निदा. निदा रोज संध्याकाळी बुवांकडे गोष्ट ऐकायला यायची. मराठी अडखळत बोलायची, पण गोष्टीत खोट सापडली की लगेच पकडायची. तिला शेंगदाणा म्हणजे विष. एक दाणा पोटात गेला तर गळा सुजून श्वास बंद. शाळेत कुणाकडून कसा एक दाणा पोटात गेला, ते हाफिजानं एकदा सांगितलं होतं, तेव्हा बुवांनी कानाला हात लावला होता.

त्या शनिवारी निदाच्या शाळेत कार्निव्हल होता. बरका गावाजवळच्या एका विशेष मुलांच्या केंद्राला गाडी घेऊन द्यायची, त्यासाठी. शीलानं मराठी खाण्याचा स्टॉल घेतला होता: बटाटेवडे आणि खमंग काकडी. घरचं खाणं म्हणून शाळा आधी नाहीच म्हणत होती. शीलानं चार खेपा घालून लिहून दिलं, की कशातही शेंगदाणा नाही. पाटीवरही तेच, मोठ्या अक्षरांत. बुवांना स्टेजवर पंधरा मिनिटं मिळाली होती.

नोव्हेंबर असला तरी दुपारचं ऊन चटके देत होतं. बुवा धोतर नेसून, गळ्यात उपरणं घालून, अनवाणी उभे राहिले. शेजारी पेटीवर अजिंक्य. समोर मल्याळी, ओमानी, फिलिपिनो, गोरी, सगळ्या रंगांची पोरं.

"मैं बोलूँगा, तुम बोलोगे," बुवांनी हात वर करून बजावलं. "जोर से!"

पोरांना खेळच मिळाला. बुवा म्हणतील ते पोरं उचलायची, टाळ्यांच्या ठेक्यासकट. बुवांना चेव चढला. स्वतःच्या घासातला घास वाटसरूला देणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट त्यांनी मोडक्या हिंदीत सुरू केली.

"तो देना कैसा चाहिए?" बुवांनी उजवा हात पुढे केला. "आमच्याकडे म्हणतात, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. हात देतो, हाताला..."

आणि ते थांबले.

तो हात. सकाळी सहाला शीलानं त्यांना काकडी पिळून द्यायला सांगितली होती. "मामंजी, पिळा आणि खोबरं मिसळा, मी वडे तळते." बुवांनी पिळली, खोबरं घातलं. तरी पाणी सुटतंय म्हटल्यावर हात फडताळात गेला. त्यांच्या उपासाच्या खिचडीचा डबा. दोन मुठी कूट. पन्नास वर्षं असंच चालत आलं होतं. काकडी पिळली की कूट, तेव्हाच ती खमंग. मनाला कुणी विचारलंच नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, म्हणून कुणी चाखली नाही. नैवेद्य होईतो गाडीची वेळ झाली. पांढऱ्या खोबऱ्यात पांढरं कूट. कोण बघतंय?

बुवांनी स्टॉलकडे पाहिलं. काकडीचं पातेलं अर्ध्यावर आलं होतं. निदाची पिवळी टोपी सकाळपासून मैदानभर नाचत होती. आता ती कुठंच दिसेना.

"थांबा!" बुवा माइकमध्ये ओरडले. "काकडी मत खाओ!"

"काकडी मत खाओ!" दोनशे पोरं ओरडली. टाळ्या ठेक्यात.

"उसमें मूंगफली है!"

"उसमें मूंगफली है!"

"अरे बाबांनो, गोष्ट नाही ही! मैंने डाली! मैंने!"

"मैंने डाली! मैंने!"

मागच्या रांगेतली एक गोरी बाई हसत हसत फोनवर चित्रीकरण करत होती. बुवांच्या कपाळावरचं गंध घामानं डोळ्यात उतरलं. ओरडावं तेवढी पोरं रंगात. आपल्याच जाळ्यात आपण, असं त्यांना झालं. त्यांनी चिपळ्या गादीवर टाकल्या, आणि गादीवरून खाली उतरले.

पेटी थांबली. अजिंक्यनं उभ्या आयुष्यात बाबांना आरतीआधी उतरताना पाहिलं नव्हतं. त्याला तेवढं पुरलं. माइक ओढून घेऊन तो इंग्रजीत गर्जला, काकडी खाऊ नका, तिच्यात शेंगदाणा आहे. टाळ्या जागच्या जागी विरल्या.

शीलानं स्टॉलवरून सासऱ्यांना अनवाणी पळताना पाहिलं, काय झालं ते ओळखलं आणि पातेल्यावर झाकण मारून तीही धावली.

मैदानावरचं ते खोटं हिरवं गवत तव्यासारखं तापलं होतं. बुवा धोतराचा सोगा धरून पळत होते. फुगवलेल्या किल्ल्याशी नाही. पोरांना फिरवणाऱ्या उंटाशी नाही. "निदा! निदाबाळा!" पांडुरंगा, तुझ्या नैवेद्यापायी पोरीचा जीव गेला तर तुला तोंड कसं दाखवू?

घसरगुंडीच्या सावलीत पिवळी टोपी. मांडीवर कागदी वाटी. चमच्याला खोबरं चिकटलेलं. निदा गळा खाजवत होती. ओठ सुजले होते, आणि श्वास शिट्टीसारखा.

"हाफिजा!" बुवांच्या गळ्यातून जो आवाज निघाला त्याला माइक लागला नाही. पन्नास वर्षं विनामाइकच्या मंडपांत कमावलेला आवाज. मैदानाच्या टोकाला मेंदीच्या स्टॉलवर बसलेली हाफिजा उठली, पर्स छातीशी धरून धावत आली. अशा वेळेसाठी जवळ ठेवलेल्या इंजेक्शनच्या पेनाचं टोपण तिला घाईत निघेना. शीलानं ते ओढलं, आणि पेन पोरीच्या मांडीत दाबून धरलं. एक, दोन, तीन. शाळेची नर्स आली. ॲम्ब्युलन्स आली. बुवा नुसते निदाचा तळवा धरून होते.

हॉस्पिटलच्या बाकावर दोन तास गेले. हाफिजा आत-बाहेर करत होती. शाळेच्या मॅडमनी शीलाला प्रश्न विचारले, तेव्हा बुवा मध्ये उभे राहिले. "लिखो, इसने नहीं. मैंने डाली." इतकंच पुन्हा पुन्हा.

शेवटी डॉक्टर बाहेर आल्या. श्वास मोकळा झाला होता. रात्रभर ठेवून घेणार होते, बाकी काळजी नाही. हाफिजानं ओंजळ तोंडावरून फिरवली. मग खाली पाहत म्हणाली, "बुवा, पाय बघा जरा."

दोन्ही तळव्यांना फोड आले होते. बुवांना आत्ता कळलं.

"तू मला बोल गं," ते म्हणाले. "चार शिव्या दे."

"देणार. आधी मलम लावा." तिनं नाक पुसलं. "आणि आत चला. निदा कधीची विचारतेय, आजोबा कुठंयत."

निदा उशीला टेकून बसली होती. बुवा पलंगाशी लंगडत गेले. त्यांनी हात जोडले, देवापुढे जोडतात तसे.

"निदाबाळा, एक सांगायचंय. त्या काकडीत कूट..."

"माहितीय मला," निदा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सगळे ओरडत होते ना. मैंने डाली, मैंने." मग तिनं भुवया उंचावल्या. "पण आजोबा, ती ओल्ड लेडी? तिनं घास दिला, मग पुढं?"

बुवांनी अजिंक्यकडे पाहिलं. त्यानं हळूच खुर्ची सरकवली. पण बुवा बसले नाहीत. गोष्ट अर्धी होती आणि आरती राहिली होती. भाजलेल्या पायांवर ते सरळ उभे राहिले.