भुंड्याची आठशे चित्रं

मायाप्पाने चित्रं काढायला घेतली तेव्हा त्याला वाटलं होतं, महिन्याभरात उरकतील. झाली दोन वर्षं. माणूस एकदा खुळावला की त्याला दिवसमास कळत नाहीत, आणि मायाप्पा तर पुरता खुळावला होता.

सोलापुरातल्या एका सिनेमाघरात तो यंत्र चालवायचा. मुके चित्रपट, हाताने दांडा फिरवायचा. एकदा परदेशातून आलेल्या रिळात त्याने नुसत्या रेघांची माणसं नाचताना पाहिली आणि तेव्हापासून याचं डोकं फिरलं. मालक तुटक्या फिल्मचे तुकडे टाकून द्यायचा. हा ते घरी न्यायचा, सोड्याच्या पाण्यात भिजवून कोरे करायचा आणि बाभळीचा काटा रंगात बुडवून त्यांवर एक मेंढा काढायचा, करंगळीच्या नखाएवढा. मेंढ्याला शिंगं नव्हती म्हणून नाव भुंड्या. शिंगं नसूनही दगडाला धडका द्यायचा आणि स्वतःच बुडावर बसायचा. असे आठशे भुंडे काढून झाले. हळू फिरवले तर जेमतेम एक मिनिट!

भुंड्या खराच होऊन गेला होता. मंद्रूपला मायाप्पाचा बाप हरिबा मेंढरं राखायचा, त्या कळपाचा तो म्होरक्या. नऊ वर्षांपूर्वी राखणीवर असताना मायाप्पाचा डोळा लागला आणि लांडग्याने भुंड्याला नेलं. रक्त बघून मायाप्पा जो पळाला तो सोलापुरात येऊन थांबला. बापाला त्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. बायको मायाक्का मागाहून आली. सणावाराला तीच सासऱ्याकडे जाऊन यायची.

“आबा माज्याबद्दल काय म्हनला?” तो दरवेळी विचारायचा.

“काय न्हाय.”

हे ‘काय न्हाय’ त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं. चित्रात मात्र भुंड्या लांडग्याला धडक देऊन पळवून लावायचा. तेवढं आबाने पाहिलं की माफी मागितल्यासारखं होईल, असं त्याच्या मनाने घेतलं. तोंडाने मागायची छाती नव्हती, हे खरं कारण.

आणि आता मालकाने बोलपटाचं यंत्र मागवलं. ते विजेच्या मोटारीवर पळणार, आणि चालवायला मुंबईचा माणूस येणार. जुनं यंत्र बुधवारी गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणारा एक तंबूवाला नेणार होता. म्हणजे मंगळवार काय तो हातात उरला.

दुसरं संकट त्याचं त्यानेच ओढवून घेतलं होतं. रंग त्याने सूत रंगवणाऱ्याकडून आणला होता. धोतर फाटेल पण रंग जायचा नाही, असा. सुतावर तो पक्काच. गुळगुळीत फिल्मवर नुसता बसून राहिला. चाळीस चित्रं यंत्रातून फिरवून पाहिली तर फिल्म दाबून धरणाऱ्या यंत्राच्या चिमट्याने पट्टी लख्ख पुसून निघाली. ती चाळीस पुन्हा काढली. पण सगळी पुन्हा काढायला दोन वर्षं कुठून आणायची? भुंड्या एकदाच चालणार होता आणि तो आबानेच पाहायचा होता.

मायाक्काने मंगळवारच्या बाजाराचं निमित्त करून सासऱ्याला आणलं. मालक जेवायला गेला होता. ‘तुमचं पोरगं वरनं भुंड्या दावनार हाय’ असं सांगून तिने म्हाताऱ्याला रिकाम्या थेटरात पुढे जमिनीवर बसवलं आणि राखणीला दारात जाऊन उभी राहिली.

मायाप्पाने दिवा पेटवला. मग दांडा फिरवायला घेतला. पट्टी तुटेल या धास्तीने त्याने तिच्यावरची नजर काढलीच नाही. भुंडे एकेक करून चिमट्यात शिरले आणि पलीकडे कोरी पट्टी गुंडाळली गेली.

मग त्याने यंत्राच्या खोलीतल्या भोकातून खाली पाहिलं. आबा पडद्याकडे पाठ करून बसला होता. जन्मात सिनेमा न पाहिलेला माणूस, पोरगं ज्या भोकामागे आहे त्या भोकाकडेच बघणार की!

“आबा, तिकडं बघायचं व्हतं! मागं!”

“व्हय का? मला वाटलं, तू हितं हायस तर हितंच काय ते दिसंल.” म्हातारा गुडघ्यावर हात देऊन वळला. “बरं, दाव आता.”

दाखवायला काय उरलं होतं? तरी त्याने ती कोरी पट्टी परत चढवली, कारण बाप वाट बघत होता. पडदा पांढरा झाला आणि म्हातारा त्या पांढऱ्याकडे टक लावून बघू लागला.

“भुंड्या कुटं हाय?”

“आता येतोय, आबा.” मायाप्पा दांडा फिरवत ओरडून सांगू लागला. “ह्यो आला. दगडाला धडक दिली. पडला. उटला. आता रात झाली. लांडगा आला...” पुढचं तोंडातून निघेना. पडद्यावर असतं तर खोटं खपलं असतं. “आबा, लांडगा आला तवा मी झोपलो व्हतो. माज्यामुळं गेला भुंड्या.”



“ठावं हाय मला,” हरिबा पडद्याकडेच बघत म्हणाला. “तुजा डोळा लागला तवा म्याच तुज्या अंगावर घोंगडं टाकलं. म्हनलं, पोरगं दमलंय, मी बसतो जागा.” त्याने पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं. “मग मलाबी झोप लागली. पळालास तवा वाटलं, माज्यावर रागावूनच गेलास.”