तिसऱ्या बेसपाशी

मुंगी लाल टाक्यावरून चालली होती. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या जुन्या बेसबॉलची शिवण उन्हात वर उठून दिसत होती आणि ती मुंगी एकेक टाका ओलांडत, मध्येच थबकत, चेंडूच्या उताराला लागली होती — आता पलीकडे जाईल, दिसेनाशी होईल... काकासाहेबांनी डोळे मिटले तरी ती चालतच राहिली, पापणीच्या आतल्या बाजूने, आणि टाके लांबत लांबत मैदानावरच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा झाले.

ताप उतरला नव्हता. टायफॉईड आहे, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, ‘‘सर, नगरचं नावसुद्धा काढू नका.’’ म्हणून आज राजूरच्या कॉलेजची मुलींची टीम बेसबॉलची उपांत्य फेरी खेळायला नगरला त्यांच्याशिवाय गेली होती. असं कधी झालं नव्हतं. जीपचा आवाज त्यांनी पहाटे अंथरुणातूनच ऐकला. वळणावर तो बारीक झाला, मग नुसताच कानात राहिला. मुलींबरोबर पंकजा होती — एके काळची त्यांचीच खेळाडू, आता त्याच कॉलेजात त्यांच्या हाताखालची प्रशिक्षक.

‘‘पेज घेता का थोडी?’’ मुक्ता, त्यांची बायको, दारात उभी होती.

‘‘किती वाजले?’’

‘‘वाजू द्या. तुमाला काय करायचंय? पडून ऱ्हावा गप.’’

ते गप पडून राहिले. बाहेर बाजार भरत होता. टेम्पोवरचा कर्णा कांद्याचा भाव ओरडत होता, कुणी कुणाला लांबून हाक मारत होतं, आणि तापात तो सगळा गलका एका जागी गोळा होऊन प्रेक्षकांसारखा वाटू लागला... प्रेक्षक! बेसबॉलला प्रेक्षक कुठले? पारनेरच्या माळावर कबड्डी खेळून मोठा झालेला तो तरुण — तेव्हाचे काकासाहेब — या डोंगरातल्या कॉलेजात खेळाचा मास्तर म्हणून आला, तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, ‘‘कबड्डी सगळेच खेळतात हो. काहीतरी नवीन काढा.’’ त्याने बेसबॉल पाहिलासुद्धा नव्हता. एका शिबिरात जाऊन तो शिकून आला, भाताचं तूस भरून पोत्यांचे बेस केले, टायर कापून होमची पाटी केली, आणि गावातली माणसं कुंपणापाशी थांबून विचारू लागली, ‘‘सर, ह्यात विकेट कुठं हाय?’’ विकेट नव्हती. पोरी बॅट फिरवायच्या आणि पळायच्या — पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि मग होम. तिथं पोचलं की एक धाव.

आणि तिसऱ्या बेसपाशी ते स्वतः उभे. पळणारीची नजर होमवर, चेंडू कुठं आहे ते तिला दिसत नाही, सरांना दिसतं. सरांचा हात गोल फिरला की पळायचं, तळवा उभा राहिला की थांबायचं. एवढंच काम. पण त्या कामात ते इतकी वर्षं मुरले होते की घरी ताटात वाढणाऱ्या मुक्तासमोरही त्यांचा तळवा तसाच उभा राहायचा, आणि ती म्हणायची, ‘‘मी काय तुमच्या टीममदली हाय व्हय?’’

सांभाळून खेळणारी टीम, असं नाव होतं. हरली तरी फार मोठी हरायची नाही. उपांत्य फेरीच्या पुढे मात्र कधीच... तिथवरसुद्धा याआधी एकदाच पोचले होते. पंकजा तेव्हा शेवटच्या वर्षाला. बरोबरीला एक धाव हवी होती आणि ती तिसऱ्या बेसवर. चेंडू उंच गेला, लांब, आणि झेलला गेला. झेल झाला की मारणारी बाद, पण बेसवरचीला त्यानंतर पळता येतं. पण झेलणाऱ्या पोरीचा खांदा त्यांनी सकाळपासून पाहिला होता — ती तिथून थेट होमला फेकणार, पंकजा निम्म्यात सापडणार. त्यांनी तळवा उभा केला. ‘‘थांब!’’ पुढची पोरगी बाद झाली आणि सामना संपला. पंकजा बेसवर उभीच्या उभी — आज्ञाधारक, पाय जुळवून. तसंच तिला ते आठवत आले. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. बोलण्यासारखं होतंच काय? निर्णय बरोबर होता. आजही बरोबर होता.

ऊन भिंतीवर चढलं. त्यांनी सामना लावला, मनातल्या मनात; पहिला डाव, दुसरा... पोरी त्यांच्या होत्या पण चेहरे जुन्या बॅचचे, कुणाच्या हातात ग्लोव्हऐवजी भाकरी, आणि मैदानाच्या कडेने भात पिकून पिवळा झालेला, त्यात चेंडू गेला की शोधायला जाणारी पोरगी परत येतच नव्हती... त्यांनी हाका मारल्या. मुक्ताने कपाळावर गार फडकं ठेवलं.

मग मोबाईल वाजला.

‘‘सर, हरलो.’’ पंकजाचा आवाज. मागे जीपचा घरघराट, आणि त्याच्याही मागे — पोरी हसत होत्या.

‘‘किती?’’

‘‘एका रनानं. शेवटचा डाव. सृष्टी थर्डवर हुती. कॅच झाला लांब. मी हात फिरवला, सर. पळ म्हणलं.’’

‘‘मग?’’

‘‘आउट. होमपाशी. एवढ्याशा अंतरानं.’’

छातीत काहीतरी सावकाश खाली बसत गेलं. राग असावा, असं त्यांना वाटलं, पण तो नव्हता.

‘‘तुमी थांबवलं असतं ना तिला?’’

‘‘व्हय.’’

‘‘ते बरोबर झालं असतं,’’ पंकजा म्हणाली. जराही न अडखळता.

‘‘मग पोरी का हसतायत?’’

‘‘सृष्टीच्या गुडघ्यापासून सगळी कातडी सोलली, तरी सांगतीय की तिला वाटलं आता आपण थांबूच शकत न्हाई. सगळ्याजणी तिची नक्कल करतायत. आधी रडल्या लई.’’

जीप घाटात शिरली असावी. आवाज तुटत, जुळत होता. विचारायचं असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं —

‘‘पंकजा, त्या वर्षी... तू उभी होतीस ना बेसवर?’’

‘‘न्हाई सर. मी निघाले हुते. तुमचं ‘थांब’ ऐकलं, मग माघारी फिरले. तुमी चेंडूकडं बघत हुता.’’

पंकजाने फोन ठेवल्यावरही त्यांनी आपला कानाशी तसाच धरला होता. चेंडूकडे बघत होतो. बघायचंच असतं, तेच तर काम... पण मग ती इतकी वर्षं पाय जुळवून उभी असलेली मुलगी कोण होती? त्यांनी पुन्हा तो दिवस समोर आणला, आणि बेस रिकामा होता. पंकजा पुढे गेली होती, पाठमोरी, वेणी एका बाजूला उडालेली, आणि त्या क्षणी तिच्या अंगात काय असेल — हे त्यांना माहीत नव्हतं. पोरींच्या चपळाईपासून त्यांच्या घरच्या अडचणींपर्यंत सगळं माहीत असलेल्या माणसाला एवढंच माहीत नव्हतं. आणि सृष्टीला आज ते माहीत झालं होतं. त्यांना तिचा हेवा वाटला. चक्क हेवा, या वयात, एका सोललेल्या गुडघ्याचा.

अंगाला घाम फुटत होता. बाजार मोडत आला होता. कर्णा थांबला होता आणि त्या शांततेत घर एकदम मोठं वाटलं.

‘‘काय झालं? हरल्या?’’ मुक्ताने आतून विचारलं.

‘हो’ म्हणायला काहीच हरकत नव्हती. तो शब्द जिभेपर्यंत आलाही. मग त्यांना तो खोटा वाटला.

‘‘जीप येईल आता थोड्या वेळानं,’’ ते म्हणाले.

‘‘येऊ द्या की. तुमी कशाला उठताय?’’

उठलोय, हे त्यांना तेव्हा कळलं. पाय खाली फरशीवर होते आणि फरशी गार होती. दारापर्यंत जाऊन सृष्टीला काय म्हणायचं, तेही ठाऊक नव्हतं.

‘‘अहो, चक्कर येईल. बसा!’’

मुक्ताचं ऐकू येत होतं. दार पलीकडे, अंथरूण अलीकडे. हात कशालाच टेकलेला नव्हता, आणि ते तसेच, घामाने भिजलेले, हसू फुटण्याच्या बेतात, मध्येच उभे होते.