झऱ्याला रंग

"डोळे फुटले का गं तुझे, सगुणे? रंग आला का न्हाई, एवढंच इचारायलोय!"

"न्हाई म्हणलं की, मुकादम! किती येळा सांगू?"

"वर तोंड करून बोलायलीस?"

व्यंकटराव मुकादम काठावर, आन् सगुणाबाई झऱ्यात गुडघाभर. धरणाच्या बुडातून पाणी पाझरायलं व्हतं. म्हून मशिनीनं खडकात खोल भोकं पाडायची आन् त्यात सिमेंटाचं पातळ पाणी दाबानं ढकलायचं, असं काम चालू व्हतं. पण आतल्या आत पाणी कुठून कुठं पळतंय ते आधी कळाया पायजे. म्हून सकाळी एका भोकात हिरवा रंग वतला आन् हिला झऱ्यावर राखणीला बसवलं. रंग हितं निघाला तर ते भोक भरणार. भोक भरलं की झरा मेला.

आन् झरा म्हंजी सगुणाबाईच्या बौद्धवाड्याचं समदं पाणी. गावच्या हिरीवर त्यांना कुणी चढू देत नव्हतं. काठी घेऊन आडवा येणारात व्यंकटरावचा थोरला भाऊ पयला.

तर रंग आला व्हता. पोपटावानी हिरवागार. सगुणाबाईनं बादलीनं उपसून उपसून खडकाआड फेकला, हाताला फोड येईस्तोर. पाणी निवळलं तवा कुठं कंबर सरळ केली. नवरा आश्रुबा तिकडं सिमेंटाच्या पंपावर व्हता. त्यानंच पहाटं सांगितलं व्हतं, "रंग आला तरी न्हाई म्हण. बाकी मी बघतो."

मुकादम माघारी फिरला बी व्हता. तेवढ्यात खडकाआडून सगुणाबाईची पांढरी शेळी आली, तिनं फेकलेल्या रंगाच्या डबक्यातलं पाणी पिऊन. तोंड हिरवं, दाढी हिरवी.

व्यंकटराव पोट धरून हसला. मग शेळीचा कान पिळला, ती केकाटली. "हिला इचारायला पायजे व्हतं आधी! तुझ्यापरीस शानी हाय."

शिट्टी मारून त्यानं आश्रुबाला बोलावलं. आश्रुबा पळत आला, सिमेंटानं पांढरा झालेला.

"बायको खोटं बोलायलीय तुझी. तूच शिकवलंस का रं?"

आश्रुबानं शेळीकडं बघितलं. सगुणाबाईकडं न्हाई.

"न्हाई साहेब! म्या तर खरं बोल म्हणलो व्हतो. हीच लय आडमुठी हाय." आन् एक तिच्या कानाखाली ठिवून दिली, मुकादमाला नीट दिसंल अशी.

"बास. जा, पंप चालू कर."

"मग आमी पाणी कुठून आणू?" सगुणाबाई वरडली.

"गावच्या हिरीवर जा की. कोण अडवलंय?" म्हणून मुकादम हसत चढण चढाया लागला.

तिनं आश्रुबाचा सदरा धरला. "अवो, नका करू चालू. तुमची माय तापानं फणफणायलीय, तिला काय पाजू?"

"सोड. ड्रमात सिमेंट कालवून ठिवलंय. गच्च बसलं तर कामावरून काढतेल मला." त्यानं तिची बोटं एकेक करून उलगडली. "सोड म्हणलं ना. जायाला पायजे आता मला."