खाली न ठेवता येणारा पेला

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्हाला आधी हसूच येईल. मी एक जुना मातीचा पेला आहे. रंग विटकरी, काठाचा एक टवका उडालेला, आणि बूड अंड्यासारखे गोल. मला टेबलावर ठेवा, मी लगेच आडवा होतो. यात माझा काही दोष नाही. दोष मला घडवणाऱ्या मावशींचा आहे, आणि त्या तो आजही हसत हसत कबूल करतात.

मावशी एका गेम बनवणाऱ्या ऑफिसात कामाला होत्या. गेममध्ये जी घरे, भांडी, हत्यारे दिसतात ती त्या आधी हाताने मातीची करून बघत. मग त्या वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर तशीच वस्तू उभी करायची, अशी तिथली पद्धत होती. मला केले त्या दिवशी मावशींना घरी जायची घाई होती. बूड सपाट करायचे राहून गेले आणि मी तसाच भट्टीत गेलो.

गेमची गोष्ट लिहिणारे एक गृहस्थ तिथे होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवले नव्हते, पण कुणीही काही लिहिले की त्यांचे लाल पेन खिशातून बाहेर पडलेच म्हणून समजा. एका सकाळी मास्तरांनी माझ्यात चहा ओतून घेतला, एक घोट घेतला आणि न बघताच मला कागदांवर ठेवले. पुढे काय झाले ते सांगायला नको. बारा पाने चहात न्हाऊन निघाली.

दुसऱ्या कुणी मला खिडकीबाहेर भिरकावले असते. मास्तरांनी मला रुमालाने पुसले आणि ते बराच वेळ हातात फिरवत बसले.

"मावशी, आपल्या गेममधले हे लोक पेला खाली ठेवतच नसतील," ते म्हणाले.

"मग काय, डोक्यावर घेऊन फिरतात?"

"दुसऱ्याच्या हातात देतात."

तेवढ्या बोलण्यातून ओंजळे नावाचे लोक जन्माला आले. ओंजळ्यांच्या घरात टेबल नसते. अर्धा पेला आपण प्यायचा आणि अर्धा शेजारच्याला द्यायचा. म्हणून त्यांच्यात एकटे कुणी पीत नाही. भांडण झाले तर ज्याच्याशी भांडलो त्याच्यापुढे पेला धरायचा. त्याने घेतला की भांडण मिटले. पहिल्या गेमच्या शेवटी खेळणाऱ्याला शत्रूच्या सेनापतीपुढे पेला धरून उभे राहावे लागे, आणि तो घेतो की नाही हे कळेपर्यंत भल्याभल्यांचा जीव टांगणीला लागे. गेम फार गाजला. लोकांच्या घरी जेवताना पाण्याचा ग्लास या हातातून त्या हातात फिरू लागला, अशी पत्रे ऑफिसात आली. मास्तर ती मोठ्याने वाचून दाखवत. तेव्हा मी हवेत होतो, खोटे कशाला बोलू?

मग सात वर्षे गेली. मास्तर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. मावशींना खालच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला पाठवले. मी वरच राहिलो. कुणीतरी मला चिकटपट्टीच्या रिकाम्या कड्यात बसवले आणि माझ्यात पेने भरली, वर एक कात्रीही खुपसली. जो खाली ठेवता येत नाही, त्याला खाली ठेवायची सोय झाली. मलाही हळूहळू त्याची सवय झाली, हे कबूल करायला हवे.

अशातच त्या गेमचा दुसरा भाग करायचे ठरले. गोष्ट लिहायला एक मुलगी आली. तिला सगळे नवी म्हणू लागले आणि दोन वर्षे झाली तरी ती नवीच राहिली. तिचे हे पहिलेच मोठे काम. ओंजळ्यांची सगळी गोष्ट तिने एकटीने लिहिली होती. मास्तरांची टिपणे तिने दोनदा वाचली, पण पेल्याचे बूड गोल आहे, तो खाली ठेवता येत नाही, हे मास्तरांनी कुठे लिहिलेच नव्हते. जी गोष्ट रोज हातात होती ती लिहून काय ठेवायची, असे त्यांना वाटले असावे. चित्रे करणाऱ्या मंडळींनी कॉम्प्युटरवरच्या तयार सामानातून सपाट बुडाचे पेले उचलले. पेले आले म्हणून टेबले आली आणि टेबले आली म्हणून गावोगावी खानावळीही उघडल्या.

ही चूक पकडली चाळणीबाईंनी. त्यांचे खरे काम तपासनिसाचे. गेम बाजारात जाण्याआधी त्याचा कोपरान् कोपरा खेळून बघायचा आणि खडे वेचायचे. एका दुपारी त्या हातात यादी घेऊन नवीच्या टेबलाशी आल्या.

"पहिल्या गावात म्हातारी पाहुण्याच्या हातात पेला देते. मला तर रडू आलं. पुढच्या गावात तिचाच भाऊ पेला टेबलावर आपटून भांडतो. आता यातलं खरं कुणाचं मानू?"

"मधे बरीच वर्षं गेलीत ना, रीत बदलली असेल," नवी म्हणाली.

"मधल्या पुलाच्या पलीकडे बदलली आणि अलीकडे नाही? पूल केवढा आहे तो, चार फळ्यांचा."

बोलता बोलता चाळणीबाईंची नजर माझ्याकडे गेली. त्या मुळात पहिल्या भागापासूनच्या. त्यांनी एकेक पेन काढले, कात्री काढली, मला कड्यातून उपसले आणि नवीसमोर टेबलावर ठेवले. मी जे करतो तेच केले. कडेपर्यंत गडगडलो, आणि नवीने मला वरच्या वर झेलले. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मला तिची फार दया आली.

चूक ऑफिसच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण गोल गोल बोलायची त्यांना सवय नव्हती. "पहिला भाग खेळलेली माणसं हे बघताक्षणी ओळखतील. म्हणतील, हे आमचे ओंजळे नव्हेत," ते म्हणाले. "चुकीचं दाखवण्यापेक्षा त्यांचा भागच काढून टाकू. गेम बाहेर पडायला नऊ दिवस आहेत. सोळाच्या सोळा गावं नीट झाली तर ठेवू."

नवीची दोन वर्षांची मेहनत त्या नऊ दिवसांवर येऊन ठेपली. ती फक्त "बरं" म्हणाली. मग मला घेऊन नळावर गेली आणि आतले शाईचे डाग घासून घासून काढले.

मावशींना वर बोलावून घेतले. त्यांनी आल्या आल्या मला ओळखले आणि माझ्या टवक्याचा जाब सगळ्या मजल्याला विचारला. मग कामाला जी सुरुवात झाली, तिला तोड नव्हती. टेबले निघाली, चटया अंथरल्या गेल्या, खानावळी बंद झाल्या, पेले पुन्हा हातात आले. आठव्या दिवशी दुपारपर्यंत पंधरा गावे झाली.

सोळावे गाव मात्र होईना. तिथे एक मोठा प्रसंग होता. एक म्हातारा खोलीत एकटाच टेबलाशी बसलेला असतो. आपला नायक आत येतो, म्हातारा पेला टेबलावर ठेवतो आणि बोलू लागतो. त्यातली प्रत्येक हालचाल, प्रत्येक शब्द आधीच पक्का झालेला होता. तो पुन्हा करायचा तर दोन महिने हवे होते.

नवीने तेव्हा कुठे मास्तरांना फोन लावला. ते रागावतील या भीतीने आठ दिवस तिने तो टाळला होता. मी तिच्या हातातच होतो, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"म्हातारा पेला खाली ठेवतो?" मास्तरांनी विचारले.

"हो. चूक माझी आहे. मला माहीतच नव्हतं."

"चुकीचं नंतर बघू. त्याच्या घरात कोण कोण आहे?"

नवीने कागद चाळले. दोन भागांच्या मधे झालेल्या लढाईत म्हाताऱ्याची बायको, दोन्ही मुलगे आणि सून गेली होती. हे तिनेच लिहिले होते आणि लिहून पुढे गेली होती.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"मग तो पेला देणार कुणाच्या हातात?"

नवीने फोन ठेवला आणि म्हाताऱ्याचे पान पुढे ओढले.

नवव्या दिवशी तिने साहेबांकडे एकच मागणी केली. म्हाताऱ्याच्या तोंडी एक वाक्य नव्याने घालू द्या, बाकी प्रसंग आहे तसाच राहू दे. साहेब, मावशी आणि चाळणीबाई पडद्यासमोर बसले. मावशींनी मला मांडीवर घेतले होते. म्हाताऱ्याने पेला टेबलावर ठेवला. नायक त्या पेल्याकडे बघत राहिला. मग म्हातारा म्हणाला, "घरात सगळे होते, तेव्हा याचं बूड गोल होतं."

साहेबांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. चाळणीबाई वाद घातल्याशिवाय यादीतली एकही ओळ खोडत नसत, पण शेवटची ओळ त्यांनी मुकाट्याने खोडली. "राहू दे हे गाव," साहेब म्हणाले. "सगळीच राहू देत." नवीला हसावे की रडावे ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केले.

मित्रांनो, माझे आता छान चालले आहे. पेनांना पत्र्याचा डबा मिळाला आणि मला रोज चहा मिळतो. तुम्हीही वहीच्या मागच्या पानांवर देश काढता, राजे काढता, कधी न पाहिलेली माणसे काढता. त्या माणसांना एखादी सवय दिलीत, तर पुढच्या पानावर तिची आठवण ठेवा. ती माणसे खोटी असली तरी वाचणाऱ्याने त्यांना जीव लावलेला असतो. आणि विसरलात, तर लगेच खोडरबर उचलू नका. आधी त्या माणसाच्या घरात कोण कोण उरले आहे, ते बघून या.