दिव्यासाठी सोडलेली जागा

तोंड उघडा

धाकटीचं चित्र बघायचं तर आधी दात दुखावा लागे.

कारण ते लागलं होतं मावशीच्या दवाखान्यात, आणि तेही भिंतीवर नाही, छताला. बरोबर खुर्चीच्या वर.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत आणि चित्रं काढते म्हटल्यावर आणखीच धाकटी समजत. शहरातल्या एकूण एक कलादालनाचे उंबरे तिने झिजवले होते. चित्राकडे बघण्याआधी तिथले लोक विचारत, याआधी कुठे मांडलंय? कुठेच नाही म्हटलं की म्हणत, मग आधी कुठेतरी मांडून या.

मावशी दातांची डॉक्टर. तिच्या छताला ओल येऊन भलामोठा पिवळा डाग पडला होता आणि पेशंट तोंडाचा आ करून तोच बघत पडून राही. एक दिवस मावशी म्हणाली, "तुझं एखादं चित्र ठोक तिथे. डाग तरी झाकेल."

दुसरी कुणी असती तर फुगून बसली असती. धाकटी खुर्चीत आडवी झाली. पडल्या पडल्या तिच्या डोक्यात आलं, की इथला माणूस हलू शकत नाही, बोलू शकत नाही, मोबाइल काढू शकत नाही. वर बघण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. असा प्रेक्षक कुठल्या दालनाच्या नशिबी असतो?

"दिवा लाव गं," ती म्हणाली. लांब हाताचा दिवा खाली आला आणि छताचा मधला भाग गडप झाला.

मग तिने तसंच चित्र काढलं. चाळीच्या चौकात जमिनीवर पडून वर पाहावं, तसं. चारही कडांनी गॅलऱ्यांच्या खालच्या बाजू, वाळत घातलेल्या चादरींची पोटं, एका कठड्यावरून वाकलेलं मांजर, कुणाचा तरी लोंबकळणारा पाय. मध्ये नुसतं आभाळ, रिकामं. तिथे दिवा यायचा.

डावा हात वर

मावशीचा नियम होता, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते. चित्र लागलं आणि हात फारच वर व्हायला लागले.

बसचालक, किडलेली दाढ: "ते मांजर पडणार तर नाही ना?"

शाळेतल्या बाई, रूट कॅनल: "चादरींना चिमटे नाहीत. उडून जातील."

कोपऱ्यावरचा चष्मेवाला, हलणारा दात: "तो पाय कुणाचा?"

मावशी, सगळ्यांना: "तोंड उघडा."

धाकटीने शिडी लावून चादरींवर चिमटे रंगवले. पाय कुणाचा हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला चष्मेवाल्यानेच सांगितलं, की तो शेजारणीचा असणार, ती रुसून वर बसलीय.

मग कुणीतरी खुर्चीतून फोटो काढला आणि तो या फोनवरून त्या फोनवर गेला. दात धडधाकट असलेले लोकही यायला लागले. नुसतं बघायचंय म्हणायचे. मावशी म्हणायची, "बघा की. पण माझ्या खुर्चीत आडवं व्हायचं तर तोंड उघडावं लागेल." निम्म्यांचे दात किडलेले निघाले.

चूळ भरा

फोटो फिरत फिरत एका मोठ्या कलादालनाच्या संचालकांपर्यंत गेला. ते स्वतः आले. उभ्यानेच मान वर करून बघत राहिले.

"नव्या चित्रकारांचं प्रदर्शन करतोय," ते म्हणाले. "दर्शनी भिंत तुमची. ही मधली पोकळी आहे ना, हिनेच मला इथवर ओढून आणलं."

"ती दिव्याची जागा आहे," धाकटी म्हणाली.

ते हसले. ती हसली नाही, तेव्हा थांबले.

"आडवे व्हा ना."

बूट खुर्चीला लागू नयेत म्हणून पाय बाहेर काढून ते कसेबसे आडवे झाले. तिने दिवा ओढला.

"डोळ्यांवर येतोय. बाजूला घ्या."

"तो चित्रातलाच आहे. सूर्य."

संचालक मांजरापासून लोंबकळत्या पायापर्यंत सगळं बघत गेले. पाय आपोआप खुर्चीवर आले. मग उठून त्यांनी कोट झटकला.

"झकास. पण हे कुणाला सांगू नका. पोकळी पोकळीच राहू दे. आणि आम्ही छापतो, 'रसिकांसमोर प्रथमच'. कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगायचं."

"पण लागलंय ना हे इथे. लोक बघतात."

"लोक कुठले? पेशंट आहेत ते."

मावशी बेसिनपाशी हात धूत होती. नळ जरा जोरात बंद झाला.

चावून बघा

आईने जिन्यातल्या सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. दर्शनी भिंत!

"एक वाक्य तर बोलायचंय," आई म्हणाली. "पहिल्यांदाच लावतेय म्हणायचं. जीभ झडणार आहे का?"

धाकटीने आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्यांदाच. सहज जमलं. फारच सहज जमलं, म्हणून तिने आणखी एकदा म्हटलं, आणि या खेपेला आरशात तिला बसचालकाचा वर गेलेला हात दिसला.

दुसऱ्या दिवशी ती दालनात गेली. भिंत पांढरीशुभ्र, उजेड कसा नेमका पडलेला. तिला ती भिंत हवी होती, अगदी मनापासून. खोटं कशाला बोला.

"छापा," ती संचालकांना म्हणाली, "की हे आधी दातांच्या दवाखान्यात होतं. छताला. ज्यांनी पाहिलं त्यांनी तोंड उघडं ठेवून पाहिलं, आणि चिमटे त्यांच्यातल्याच एकीने सुचवले. इथेही छतालाच लावा. खाली खुर्ची, मध्ये दिवा."

"म्हणजे मी पाहुण्यांना आडवं करू?"

"तुम्ही झालातच की."

त्यांचे कान लाल झाले. "हे बघा, तुमच्यासारखे खूप जण रांगेत उभे आहेत."

"मग त्यांना बोलवा. उभ्याने बघायचं तर माझं चित्र अर्धंच आहे. अर्धं मी देत नाही."

बाहेर रस्त्यावर आल्यावर एका दुकानाच्या पायरीवर ती बसली. तोंडाशी आलेला घास आपणच भिरकावून दिला, हे तिला स्वच्छ कळत होतं. पण परत जावंसं एकदाही वाटलं नाही.

पालथे व्हा

मावशीचा एक पेशंट लोकांकडून पाठीचे व्यायाम करून घ्यायचा. त्याच्या दवाखान्यातल्या पलंगाला तोंडापाशी भोक होतं. लोक तिथे पालथे पडून, भोकात तोंड खुपसून फरशी बघत राहत. फरशी अगदीच भकास, असं तो म्हणाला होता.

धाकटी तिथे पालथी पडली होती, पेन्सिल हातात, खालच्या फरशीवर हात पोचतोय का बघत. तेवढ्यात आईचा फोन आला.

"नाही म्हणून आलीस? आता मी लोकांना काय सांगू?"

"सांग, पुढचं प्रदर्शन जमिनीवर आहे."

"जमिनीवर? आणि तिथे येणार कोण?"

"ज्यांची पाठ धरलीय ते."

 आईचीही पाठ धरत असे.

"सोमवारी उघडं असतं का?" तिने विचारलं, अजून चिडलेल्याच आवाजात.